हरणाचं वय: तिसरी दाढ फुकट सांगते ते आणि प्रयोगशाळा पैसे घेऊन सांगते ते

निकाल आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबरात मारलेलं व्हाइटटेल (उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं) हरीण पिलू आहे, दीड वर्षाचं आहे की त्याहून मोठं, एवढंच हवं असेल तर दमडीही खर्चू नका. खालच्या जबड्यातली तिसरी दाढ बघा. त्यापुढचं वय आकड्यात हवं असेल तर समोरचा दात टपालाने प्रयोगशाळेत पाठवायची सेवा पैसे वसूल करून देते, मात्र दात मुळासकट काढता आला तरच. या दोहोंच्या मध्ये विकला जाणारा नमुना-जबड्यांचा संच हात बसवायला चांगला आहे, पण त्याच्यावर भिस्त ठेवून ‘साडेपाच वर्षांचा नर’ अशी नोंद वहीत करू नये.

हे सगळं अमेरिका आणि कॅनडात रीतसर परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. तिथे एखादा जबडा किंवा दात नुसता जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

शिंगांवरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात. आठ फाटे म्हणजे चार वर्षं, असला हिशेब मांडतात. शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. ती किती वाढतील हे खाणं, आनुवंशिकता आणि वय या तिन्हींवर ठरतं. चांगल्या शेतजमिनीच्या भागातल्या दीड वर्षाच्या नराला आठ फाटे येऊ शकतात, आणि नापीक रानातला तीन वर्षांचा नर सहावर अडतो. वय खरोखर लागतं ते वजन आणि शिंगांची मापं ताडून पाहायला. दीड वर्षाची मादी आणि साडेतीन वर्षांची मादी यांची वजनं एकाच सरासरीत टाकली, तर त्या रानात चारा पुरतोय की नाही हे त्या सरासरीवरून कळणार नाही.

तिसरी दाढ

हरणाच्या वरच्या जबड्यात समोर दातच नसतात, तिथे कडक हिरडीची गादी असते. समोरचे आठ दात फक्त खाली. त्यांच्यामागे बराच लांब मोकळा भाग, आणि मग गालाकडे प्रत्येक बाजूला सहा दाढा. शास्त्राप्रमाणे त्यांतल्या पहिल्या तीन उपदाढा आणि मागच्या तीन दाढा, पण शिकारीच्या तळावर सगळ्यांना दाढच म्हणतात, म्हणून इथेही तसंच. मोजणी नेहमी पुढून मागे. ही तिसरी दाढ काही पुस्तकांत ‘चौथी उपदाढ’ म्हणून येते, कारण उत्क्रांतीत पहिली उपदाढ गळून गेली आणि शास्त्रज्ञांनी तिचा क्रमांक राखून ठेवला. पुस्तक उघडून जबडा बघणाऱ्याचा इथे पहिला गोंधळ होतो.

व्हाइटटेलची पिलं बहुतेक ठिकाणी मे-जूनच्या सुमारास जन्मतात आणि शिकार शरदात होते. म्हणून वयं दीड, अडीच, साडेतीन अशीच येतात. जबड्यात सहा दाढा पुऱ्या नसतील, चार किंवा पाचच दिसत असतील, तर ते त्याच वर्षीचं पिलू. सहा असतील तर नजर तिसरीवर न्यायची. तिच्यावर तीन कंगोरे असतील, म्हणजे तीन लहान टेकड्या एकापाठोपाठ एक असाव्यात तशी दिसत असेल, आणि माथे घासून गुळगुळीत झाले असतील, तर ती दुधाची दाढ आहे. हरीण दीड वर्षाचं. सुमारे दीड वर्षाच्या आसपास ही दाढ पडते आणि तिच्या जागी दोनच कंगोऱ्यांची कायमची दाढ येते. नुकतीच आली असेल तर ती शेजारणींपेक्षा पांढरीशुभ्र, डाग नसलेली, हिरडीतून अर्धवट वर आलेली दिसते. कधी जुनी दाढ टोपीसारखी नव्या दाढेच्या डोक्यावर अडकून राहिलेली सापडते, बोटाने हलवली तरी निघते. हेही दीड वर्षच. दोन कंगोऱ्यांची दाढ पूर्ण वर आलेली आणि बाकीच्यांसारखा डाग धरलेली असेल तर अडीच किंवा त्याहून जास्त.

एक सापळा इथे आहे. शेवटची, सहावी दाढसुद्धा तीन कंगोऱ्यांची असते, मागचा कंगोरा लहान असतो. घाईत मागून मोजणारा ‘तीन कंगोरे, म्हणजे दीड वर्ष’ म्हणून मोकळा होतो आणि सहा वर्षांची मादी दीड वर्षांच्यांत जमा होते. पुढून मोजलं तर ही चूक होतच नाही.

दाढा बघायला जबडा काढायलाच हवा असं नाही. तोंडाच्या कोपऱ्यापासून गाल मागे कापायचा, जबड्यात लाकडाचा तुकडा किंवा जबडा फाकवायचं लोखंडी साधन अडकवायचं आणि हेडटॉर्च मारायचा. डोकं भिंतीवर लावायचं असेल तर गालाला सुरी लावू नका, टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे कातडं भरून डोकं तयार करणारा, हाकलून देईल. मेल्यानंतर काही तासांत जबडा ताठरतो, मग तो उघडायला निष्कारण झटापट होते. म्हणून पोट साफ करायच्या आधी किंवा लगेच नंतर बघून घ्यावं. अर्धा जबडा सोडवायचाच असेल तर झाडांच्या फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री पुरते. शेवटच्या दाढेच्या मागे जिथे हाड वर वळतं तिथे ती लावायची. फार पुढे लावली तर सहावी दाढच फुटते.

नमुना-जबड्यांचा संच

लाकडी फळीवर किंवा डब्यात पाच-सहा जबड्यांच्या रेझिनच्या प्रतिकृती, प्रत्येकाखाली वय. बाजारात असे संच अनेक मिळतात. शिकवायला, क्लबात टेबलावर ठेवायला, नव्या माणसाला तीन कंगोरे दाखवायला याला तोड नाही. छापील चित्रापेक्षा हातात जबडा फिरवून बघणं केव्हाही बरं.

पुढे अडचण येते ती संचापेक्षा पद्धतीची. १९४९ साली न्यूयॉर्क राज्यातले वन्यजीव-जीवशास्त्रज्ञ सेव्हरिंगहाउस यांनी दातांचं उगवणं आणि झीज यांवरून वय ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली आणि आजही सगळे संच तिच्यावरच उभे आहेत. अडीचच्या पुढे सगळी मदार झिजेवर. चौथी दाढ जिभेकडच्या बाजूने बघायची. कंगोऱ्याच्या धारेवर मधोमध तपकिरी पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरं एनॅमल दिसतं. तपकिरी ते डेंटिन, एनॅमलपेक्षा मऊ. कंगोरा जसा घासत जातो तशी ही पट्टी रुंदावते. चौथ्या दाढेत पांढरं अजून तपकिरीपेक्षा रुंद असेल तर अडीच. तपकिरी वरचढ झालं की साडेतीन. पाचव्या दाढेतही तसं झालं तर साडेचार, सहावीतही झालं तर साडेपाच. चौथी आधी झिजते, कारण कायमच्या दाढांत तीच सगळ्यांत आधी येते. दूध तुटायच्या वयापासून ती कामाला लागलेली असते.

कागदावर हे घड्याळासारखं वाटतं. रानात ते तसं चालत नाही. वाळूच्या जमिनीवर चरणाऱ्या हरणाच्या दाढा चिकणमातीवरच्या हरणापेक्षा लवकर घासतात. एकाच कळपातल्या दोन सारख्या वयाच्या माद्यांतही फरक पडतो. काहींचा जबडा जरा तिरका बसतो आणि एकच बाजू जास्त झिजते, म्हणून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय बोलू नये. पिलू असताना कानाला बिल्ले लावलेल्या, म्हणजे वय पक्कं ठाऊक असलेल्या हरणांच्या जबड्यांवर ही रीत तपासली गेली आहे. ओक्लाहोमातल्या नोबल फाउंडेशनच्या अशा जबड्यांवर २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात अनुभवी जीवशास्त्रज्ञांचेही अंदाज अडीचच्या पुढे इतके घसरले की अभ्यासकांनी पिलू, दीड वर्ष आणि प्रौढ एवढेच तीन गट करा असा सल्ला दिला. मोंटानातल्या २०००च्या अभ्यासात व्हाइटटेलचं वय झिजेवरून सुमारे ४३ टक्के वेळा बरोबर आलं, तर दात कापून मुळातल्या वर्षावर्षाच्या ओळी मोजल्यावर (प्रयोगशाळेची रीत, पुढे येईल) सुमारे ८५ टक्के वेळा.

संच घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. एक, डेंटिनची तपकिरी रेषा रंगवताना कडांवर पसरलेली नाही ना. सगळा निवाडा त्या रेषेच्या रुंदीवर आहे आणि ब्रश अर्धा मिलिमीटर सुटला तरी साडेतीनचा साडेचार होतो. दोन, मूळ जबडे कुठल्या भागातले ते लिहिलंय का. तुमच्या रानातल्या हरणांशी त्यांची झीज जुळेलच असं नाही. यापेक्षा चांगला संच स्वतःच्या रानातूनच तयार होतो: दरवर्षीचे जबडे साफ करून, प्रयोगशाळेतून आलेलं वय हाडावर पेनने लिहून ठेवले तर चार हंगामांत त्या जमिनीचं स्वतःचं मोजमाप हाती येतं.

टपालाने दात

ही सेवा कशावर चालते ते कळलं की दात का जपून काढायचा ते आपोआप कळतं. दाताच्या मुळाभोवती सिमेंटमचा थर आयुष्यभर साचत जातो. हिवाळ्यात वाढ मंदावते आणि पातळ, गडद उमटणारी ओळ पडते. उन्हाळ्यात रुंद, फिकट पट्टा बसतो. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखंच. प्रयोगशाळेत दात आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, म्हणजे तो कापण्याइतका मऊ होतो. मग मायक्रोटोमने अगदी पातळ काप काढतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गडद ओळी मोजतात. पहिली ओळ कितव्या हिवाळ्यात उमटते हे प्रजातीवर आणि दातावर ठरलेलं असतं, तेवढं धरून वय निघतं.

म्हणून हवं आहे ते मूळ, दिसणारा पांढरा भाग नव्हे. मुळाचं टोक तुटलं तर ओळी वाचण्याची सगळ्यांत चांगली जागा गेली. समोरच्या मधल्या दोन दातांपैकी एक मागतात कारण त्यांना एकच मूळ असतं आणि जबडा न फोडता ते निघतात. काढताना पक्कड दाताच्या डोक्याला लावून ओढलं की दात मानेवर मोडतो आणि हातात फक्त मुकुट राहतो. नव्वद टक्के बिघाड इथेच होतो म्हटलं तरी चालेल.

बरोबर रीत अशी: पातळ पात्याची सुरी दातांच्या दोन्ही अंगांनी हिरडीतून हाडापर्यंत खोल चालवायची. मधल्या दोन दातांच्या मध्येही. मग बोटांनी किंवा पक्कडीने दात अलगद पुढेमागे डोलवायचा, ओढायचा नाही. सैल झाल्यावर तो सरळ वर येतो. मूळ बारीक आणि किंचित वाकडं असतं, म्हणून पिळू नये. ताज्या हरणात हे मिनिटाचं काम. गोठलेल्या डोक्यात ते जमत नाही, आधी वितळू द्यावं. धीर नसेल तर समोरच्या दातांचा पूर्ण पट्टा करवतीने हाडासकट कापून पाठवणं परवडतं, पण हाड जाड असतं तिथे वास येऊ नये म्हणून नीट वाळवावं लागतं. आधी प्रयोगशाळेला विचारून घ्या, सगळ्या ठिकाणी हाडासकट घेत नाहीत.

मांसाचे तुकडे सुरीने खरवडून काढा. ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका, उकळत ठेवू नका. कागदी लहान पाकिटात, दर हरणामागे वेगळं पाकीट, आणि ते दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला ओला दात टपालात बुरशी धरतो आणि आतलं लेबल वाचण्यापलीकडे जातं. पाकिटावर पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहायचं: प्रजाती, नर की मादी, मारल्याची तारीख, काउंटी आणि तुमचा क्रमांक. तारीख नसेल तर शेवटची ओळ अर्धवट तयार झालेली की पूर्ण, हे ठरवायला माणूस अडतो. दोन दात काढले असतील तर एकच पाठवा आणि दुसरा घरी कोरडा ठेवा. टपाल हरवतं, कधी काप बिघडतो.

एक कायद्याचा मुद्दा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) असलेल्या भागातून डोकं, मणक्याचे भाग राज्याबाहेर न्यायला बहुतेक राज्यांची बंदी आहे. मांस न चिकटलेले स्वच्छ दात अनेक राज्यं चालू देतात, तरी आपल्या राज्याचा नियम वाचूनच पाकीट टपालात टाका. हाताळताना हातमोजे घाला. हा रोग पसरवणारे प्रिऑन, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, उकळूनही नष्ट होत नाहीत.

आता सेवेच्या दर्जाबद्दल. चांगली प्रयोगशाळा नुसता आकडा देत नाही, त्यासोबत खात्रीची श्रेणी देते: ओळी स्वच्छ आहेत, थोडी शंका आहे, की एकाहून जास्त वयं शक्य आहेत. ही श्रेणी न देणाऱ्याकडे पैसे घालू नका. शंकेच्या श्रेणीतला ‘५’ हा चार ते सहा असा वाचावा. कशामुळे शंका येते? सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे, ओळी फिकट उमटतात. नरांत माजाच्या काळातल्या ताणाने कधी जोडओळ पडते, एकाच वर्षाच्या दोन दिसतात. मिनेसोटातल्या मादीचा काप अनेकदा वहीतल्या रेषांसारखा, लुइझियानातल्या नराचा काप डोळे फोडायला लावणारा.

वेग हा या सेवेचा कच्चा भाग. दात हंगामात एकदम येतात, प्रत्येकाला आम्लात मऊ व्हायला वेळ लागतो आणि मोजणारी माणसं मोजकी. महिनोन् महिने वाट बघायची तयारी ठेवा. पुढच्या हंगामाचं नियोजन करायचं असेल तर हंगाम संपताच पाठवा, उन्हाळ्यापर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवू नका. दराचं गणित: एकटा दात महाग पडतो, आणि अनेक ठिकाणी किमान रक्कम ठरलेली असते. क्लबाने वर्षाचे सगळे दात एका पेटीत पाठवले की दर दातामागचा खर्च खाली येतो. दीड वर्षाच्या हरणाचा दात पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात, ते तिसऱ्या दाढेने आधीच सांगितलेलं असतं. बऱ्याच राज्यांत शिकार-नोंदणीच्या ठिकाणी वन्यजीव खात्याची माणसं जबडा बघून वय फुकट सांगतात. पिलू, दीड, प्रौढ एवढ्यासाठी तेच घ्या.

अहवाल आल्यावर आणखी एक घोळ. वय बहुधा पूर्ण वर्षांत, शेवटच्या जून-वाढदिवसाप्रमाणे येतं. नोव्हेंबरातल्या हरणासमोर ‘३’ लिहिलं असेल तर ते साडेतीन आहे, तुमच्या वहीतल्या अडीचच्या रकान्यात बसत नाही. आपल्या नोंदी अर्ध्या वर्षांत आणि अहवाल पूर्ण वर्षांत, असं ठेवलं तर दोन हंगामांनी सरासरी कोणी लावली तरी ती चुकीचीच निघेल.

टेक्सासातलं चितळ

मराठी वाचकाला ओळखीचं जनावर इथे भेटतं. पेंचच्या रानात दिसतं तेच ठिपकेदार चितळ १९३२मध्ये टेक्सासात आणलं गेलं. आज तिथे ते मोकळं रानोमाळ फिरतं, त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात आणि विदेशी जात असल्याने राज्याचा बंद हंगाम त्याला लागू नाही. व्हाइटटेलचं सगळं अर्ध्या वर्षाचं गणित इथे कोसळतं. चितळाची पिलं वर्षभर जन्मतात आणि नर वर्षभर कुठल्याही महिन्यात शिंगं गाळतो, त्यामुळे एकाच दिवशी एकाच्या डोक्यावर मखमली कातडीतली वाढती शिंगं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पक्की शिंगं असतात. नोव्हेंबरात मारलेलं म्हणजे दीड किंवा अडीच असं काहीच धरता येत नाही. तिसऱ्या दाढेची चाल तीच, दुधाची पडून कायमची येते, पण ती कधी पडली यावरून महिना ठरत नाही, फक्त कोवळं की प्रौढ एवढंच ठरतं. टेक्सासचा हिवाळा मवाळ असल्याने मुळातल्या ओळीही तितक्या स्वच्छ नसतात. दात पाठवलाच तर पाकिटावर ‘अ‍ॅक्सिस’ ठळक लिहा. प्रजाती न लिहिता गेलेला दात व्हाइटटेल समजून वाचला गेला, तर जूनचा वाढदिवस धरूनच वय येईल, आणि चितळाला जूनचा वाढदिवस नसतो.